पूडलच्या कानातले केस उपटायची पद्धत आली कुठून?

"ताई, कानातले केस पण काढू ना? पॅकेजमधेच आहे ते," ग्रूमिंगवाल्या मुलाने विचारलं आणि मी फोनमधनं डोकं वर न काढता हो म्हणून टाकलं. त्याने गुंडूच्या कानात पावडर भुरभुरली, ती टाकली की केस बोटातून निसटत नाहीत, मग चारपाच केसांची बट चिमटीत धरायची आणि झटका, परत बट, परत झटका, आणि बोटं पोचत नाहीत तिथे आर्टरी, म्हणजे डॉक्टर लोक ऑपरेशनला वापरतात तो लॉक होणारा चिमटा. गुंडू आमचा शित्झू, एरवी गरीब गाय, पण प्रत्येक झटक्याला मान आक्रसत होता. रात्रभर कान फडफडवत बसला, सकाळी आतून लालभडक आणि गरम. व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, कान उलटा करून बघितला आणि पहिलाच प्रश्न, "केस उपटलेत का? कोणी सांगितलं होतं?"

कोणी सांगितलं होतं, हे खरंच मला माहीत नव्हतं. म्हणून जरा खणून काढलं.

आधी हे केस असतात कोणाला. पूडल, शित्झू, ल्हासा, श्नाउझर असली मंडळी, ज्यांचे केस लॅब्रासारखे घरभर गळत नाहीत, वाढतच राहतात. आपल्याला सोफा स्वच्छ राहतो म्हणून तेच तर आवडतं, पण तोच प्रकार कानाच्या नळीतही चालू असतो. आणि कुत्र्याची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नसते, आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि मग पडदा, त्यामुळे आतला मळ, ओल बाहेर यायला तशीही वाट लांबच.

पूडल मुळात पाण्यातला शिकारी कुत्रा, जर्मन नावाचा अर्थच पाण्यात छपछप करणं असा काहीतरी, मारलेली बदकं पोहत जाऊन आणायची. भिजलेल्या केसांचं ओझं होऊ नये म्हणून ते भादरायचे, ती झाली गरज. पुढे तीच गरज फ्रान्समधे फॅशन झाली आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसला सीन नदीच्या काठी, पाँ नफ पुलाजवळ कुत्रे भादरणारे ओळीने बसायचे. कुत्रे भादरू, मांजरं खच्ची करू, घरीही येऊ, अशा अर्थाच्या त्यांच्या पाट्या असायच्या, म्हणजे होम सर्व्हिस काही आजची नाही.

पण आजचं ग्रूमिंग पार्लर, पॅकेज वगैरे जे आपण बघतो ते घडलं अमेरिकेत. तिथल्या केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदणीत १९६० ते १९८२ सलग पूडल एक नंबरला होता. एवढे पूडल म्हटल्यावर दर काही आठवड्यांनी भादरायला येणारं गिऱ्हाईक पण तेवढंच, आणि अंघोळ, नखं, कान असं ठरलेलं काम बसून गेलं. कान म्हणजे केस उपटणे, हे त्यातच घट्ट झालं आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जात राहिलं.

आणि ग्रूमरना तरी एकट्याने का बोल लावा, डॉक्टरांचाही सूर तोच होता. कान बंद खोलीसारखा आहे, हवा खेळत नाही, म्हणून सडतो. १९४९ साली झेप नावाच्या व्हेटने ऑपरेशन मांडलं, नळीच्या उभ्या भागाची बाहेरची भिंतच कापून खाली दुमडायची, म्हणजे हवा आत आणि पू बाहेर. कानउघाडणी म्हणतात ती अक्षरशः! हे ऑपरेशन अनेक वर्षं चाललं, पण कॉकर स्पॅनियलमधे बऱ्याचदा फसायचं, कारण कानाचं दार उघडलं तरी आतल्या कातडीचा मूळ आजार तसाच. पण भिंत कापायची तयारी असलेल्या काळात चार केस उपटण्याचं कोणाला काय वाटणार.

कानात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असतं हेही तोवर कळायला लागलं होतं. १९५५ साली स्वीडनमधे गुस्ताफसन यांनी कुत्र्यांच्या कानावर अख्खा प्रबंध लिहिला त्यात ते आहे. गंमत म्हणजे हे यीस्ट, मालासेझिया पॅकिडर्मॅटिस, १९२५ साली पहिल्यांदा नोंदलं गेलं ते कुत्र्यात नाही तर आपल्या भारतीय गेंड्याच्या कातडीवर, म्हणून तर नावात जाड कातडी. पण ते धडधाकट कानातही थोडंफार असतंच, ओल आणि सूज मिळाली की मग माजतं.

खरा फरक पडला १९८८ मधे. जॉन ऑगस्ट यांनी कान बिघडायच्या कारणांचे तीन गठ्ठे केले. एक, जमीन तयार करणारी, म्हणजे लोंबते कान, आतले केस, दमट हवा. दोन, प्रत्यक्ष सुरुवात करणारी, ॲलर्जी, कानातल्या गोचिडीसारख्या बारीक किडी, गवताचं कुसळ. तीन, एकदा बिघडल्यावर बरं होऊ न देणारी. केस गेले पहिल्या गठ्ठ्यात, म्हणजे साथीदार, मुख्य आरोपी नाही, आणि मजा बघा, पुढच्या याद्यांमधे त्याच गठ्ठ्यात केस उपटणंही आलं. कारण उपटलेल्या मुळाशी बारीक जखम होते, स्राव झिरपतो आणि जंतूंना आयतं ताट वाढल्यासारखं होतं.

केस अगदीच निर्दोष आहेत असंही नाही हां. ब्रिटनमधे २०२१ साली २२,००० च्या वर कुत्र्यांच्या नोंदी तपासून छापलं त्यात वर्षाला साधारण ७.३ टक्के कुत्र्यांना कान सुजण्याचा त्रास निघाला आणि लॅब्राडूडल म्हणजे लॅब्रा-पूडल मिक्स, त्यांच्यात शक्यता साध्या मिश्र जातीच्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट. लोंबता कान, पाण्याची हौस आणि काहींच्या आत केसांचं जंगल, सगळंच एकत्र. आपल्याकडे मुंबईचा पावसाळा त्यात धरा.

म्हणून आता बरेच व्हेट सांगतात की कान चांगला असेल तर हात लावू नका, आणि इन्फेक्शन होऊन केस-मळाचा बोळा झालाय, ड्रॉप्स आतच जात नाहीयेत, तर काढा, पण व्हेटकडे, गरज पडली तर गुंगी देऊन. तरी पॅकेजमधनं ते जात नाही, आणि त्यात आपलाही हात आहे, तळहातावर तो काळपट बोळा ठेवून दाखवला की आपल्याला पैसे वसूल वाटतात.

गुंडूचा कान दहा दिवसांच्या ड्रॉप्सनी बरा झाला. पुढच्या वेळी मी त्या मुलाला आधीच सांगितलं, आतले राहू दे, बाहेर आलेत तेवढे कात्रीने काप. "ताई, आम्हाला तर शिकवलंच असं," म्हणाला बिचारा, आणि कापले नीट. बिल मात्र पॅकेजचंच लावलं.