आयएनआर आणि टेग: यकृत प्रत्यारोपणात प्लाझ्मा कशावरून द्यायचा?

प्रत्यारोपणाच्या आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.५ आला, की ‘रक्त पातळ आहे, आधी प्लाझ्मा चढवायला नको का?’ असे नातेवाईक विचारतात आणि कधी कधी डॉक्टरही विचारतात. या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत आहे. आयएनआरवरून यकृत किती खालावले आहे हे कळते. शस्त्रक्रियेत रक्त किती जाईल हे त्यावरून कळत नाही.

आयएनआर ठरवला गेला तो वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णांचे निकाल सगळ्या प्रयोगशाळांत सारखे वाचता यावेत म्हणून. ही चाचणी रक्तपेशी वेगळ्या काढलेल्या प्लाझ्मावर होते आणि गुठळीचे पहिले धागे दिसताच संपते. गोठवणारे घटक कमी झाले आहेत हे तिला दिसते. परंतु प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन ही गोठणे आवरणारी प्रथिनेही तेच यकृत बनवते आणि तीही घटली आहेत, हे तिला दिसत नाही. म्हणून आयएनआर वाढलेल्या सिरोसिसच्या (यकृत व्रणांनी कठीण झालेल्या) रुग्णाच्या पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी सापडते, तेव्हा त्यात विसंगती नसते.

टेगमध्ये (थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी या चाचणीत) मात्र पेशींसह संपूर्ण रक्त तपासले जाते. हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये जर्मनीत मांडलेल्या या पद्धतीत छोट्या कपातले रक्त ३७ अंशांवर हलत राहते आणि गुठळी किती लवकर धरते, किती घट्ट होते व टिकते की विरघळते, याचा आलेख निघतो. रोटेम हे त्याच जातीचे यंत्र. पिट्सबर्गच्या भूलतज्ज्ञांनी १९८५ मध्ये या आलेखावरून रक्तघटक देण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आलेखाचा खरा उपयोग जुने यकृत काढल्यानंतर आणि नव्यात रक्त सोडल्यानंतर होतो. यकृताविना शरीरात टीपीए हे गुठळी विरघळवणारे प्रथिन साचते, नव्या यकृतात रक्त सुरू होताच त्याची आणखी भर पडते आणि झालेली गुठळी विरघळू लागते. तेव्हा आलेखाच्या रुंदावलेल्या दोन रेषा चातीसारख्या पुन्हा निमुळत्या होतात. अशा वेळी ट्रानेक्झॅमिक ॲसिड या गुठळी विरघळणे रोखणाऱ्या औषधाचा विचार होतो. गुठळी मुळातच कमकुवत असेल, तर फायब्रिनोजन (गुठळीचे धागे बनवणारे प्रथिन) कमी की प्लेटलेट कमी हे पाहून क्रायो (फायब्रिनोजन पुरवणारा रक्तघटक) किंवा प्लेटलेट दिले जातात. याच सुमारास हिपॅरिन या गोठणे रोखणाऱ्या औषधासारखा परिणामही दिसतो. हिपॅरिन निष्प्रभ करणारे हिपॅरिनेज घातलेल्या दुसऱ्या कपाशी तुलना केली, की तो ओळखता येतो.

केवळ आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्मा देणे मला घातक वाटते. किलोमागे १० ते १५ मिलिलिटर म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिलिलिटर. एवढ्या द्रवाने पोर्टल शिरेतला दाब वाढतो, आधीच फुगलेल्या शिरा आणखी तट्ट होतात आणि रक्तस्राव थांबण्याऐवजी वाढू शकतो. फुफ्फुसांना इजा होण्याचा धोका वेगळाच. रक्तस्राव होत नसेल, तर आलेख थोडा बिघडलेला असला तरी सहसा थांबावे, कारण अति दुरुस्तीने नव्या यकृताच्या धमनीत गुठळी झाली, तर ते यकृतच गमावण्याची वेळ येते.

टेगलाही मर्यादा आहेत. रक्तवाहिनीचे अस्तर आणि प्लेटलेट तिथे चिकटवणारा फॉन विलेब्रँड घटक यांची कामगिरी त्यात नीट उमटत नाही. शस्त्रक्रियेच्या जागी गुठळ्या धरताना दिसतात की नाही, हे सर्जनला विचारावेच लागते. आणि आयएनआर टाकाऊ नाही. यकृताचा आजार किती गंभीर आहे ते मोजून प्रतीक्षायादीतला क्रम ठरवणाऱ्या मेल्ड गुणांकात तो आहे, आणि प्रत्यारोपणानंतर तो रोज उतरत गेला, तर नवे यकृत काम करू लागल्याची ती खूण असते. विनाकारण दिलेल्या प्लाझ्माने ही खूणच पुसट होते.