कीमोथेरपीत हातांच्या नसा वाचवण्याची धडपड

सदाफुलीपासून मिळालेलं व्हिन्क्रिस्टीन हे कीमोचं औषध १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्यानं मोठा आधार दिला, पण बोटांना मुंग्या आणि मग बधीरपणा हा त्रासही सोबत आणला. पुढे सिस्प्लॅटिननं तेच केलं आणि १९९२ मध्ये आलेल्या पॅक्लिटॅक्सेलनंही.

पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं. त्याची रचना १९७१ मध्ये मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांच्या गटानं मांडली. ते काम कसं करतं, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. पेशीतल्या सूक्ष्मनलिका ते घट्ट धरून ठेवतं आणि पेशीचं विभाजन अडतं. नेमक्या याच नलिका मज्जातंतूंमध्ये रुळांसारख्या असतात. मणक्याजवळच्या पेशीपासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा माल त्यांवरून जातो. रूळ बिघडले की सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं. कानातल्याची फिरकी सापडत नाही, सुईत दोरा ओवला जात नाही. ‘नुसत्या मुंग्या तर आहेत’ म्हणून बायका हे डॉक्टरांना सांगतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. कारण वेळेत सांगितलं तर डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं आणि कित्येक वर्षं खात्रीचा उपाय तेवढाच होता.

गोळ्या, सलाईन खूप करून पाहिलं. कॅल्शियम-मॅग्नेशियमवर मोठी आशा होती. २०१४ मधल्या ३५३ रुग्णांच्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. नसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या ॲसिटिल-एल-कार्निटिन या पूरक गोळीचं तर उलटंच झालं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०९ स्त्रियांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचा त्रास वाढला. म्हणून कीमो चालू असताना ‘नसांची ताकद’ म्हणून आणलेली कोणतीही गोळी आधी डॉक्टरांना दाखवाच.

वाट सापडली ती नखांच्या निमित्तानं. डोसिटॅक्सेल या कीमोच्या औषधामुळे नखं खराब होतात, म्हणून फ्रान्समध्ये ४५ रुग्णांच्या फक्त उजव्या हाताला गोठवलेला मोजा घातला. २००५ मध्ये त्याचे चांगले निकाल आले. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, बोटांत औषध कमी पोचतं. मग हेच नसांसाठी का नको? क्योटोतल्या डॉक्टरांनी पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या स्त्रियांना दर वेळी ९० मिनिटं एकाच बाजूला गोठवलेले हातमोजे-पायमोजे घातले. २०१८ मध्ये निकाल आला: गार ठेवलेला हात बराच शाबूत, दुसरा बधीर. तुलनेसाठी तिचाच दुसरा हात! त्याआधी, २०१६ मध्ये, जपानमध्येच एक माप लहान असे दोन सर्जिकल हातमोजे एकावर एक घालूनही फायदा दिसला होता. चाचण्या लहान होत्या, त्यामुळे २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ठाम शिफारस टाळली. २०२५ मध्ये जर्मनीतल्या १२२ रुग्णांच्या चाचणीत गारवा आणि घट्ट हातमोज्यांचा दाब दोन्ही उपयोगी ठरले.

ऑक्सॅलिप्लॅटिन या कीमोच्या आणखी एका औषधाची गोष्ट मात्र वेगळी. ते घेणाऱ्याला फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांत झिणझिण्या येतात, त्यामुळे बर्फाचा मोजा त्याच्यासाठी नाही. मोजे मागण्याआधी आपल्या सलाईनमध्ये कोणतं औषध आहे, ते नाव विचारून घ्या.