थिबा राजाचा दरबार आणि वेल्सच्या युवराजांची हार्पवादक

वेल्सच्या हार्पवादक कॅट्रिन फिंच यांचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. मात्र युरोपीय अभिजात संगीतात हार्प, म्हणजे प्रत्येक स्वराला वेगळी तार असलेले आणि बोटांनी छेडायचे वाद्य, हे स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून आज ज्या मोजक्या कलावंतांमुळे ऐकले जाते, त्यांत त्यांची गणना होते. त्यांचा जन्म १९८० चा, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. २००० ते २००४ या काळात त्या तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या अधिकृत हार्पवादक होत्या, २००९ मध्ये जर्मन रचनाकार बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स या कळफलकाच्या वाद्यासाठी लिहिलेल्या रचनेचे त्यांनी स्वतः केलेले हार्परूप ध्वनिमुद्रित झाले, आणि २०१३ पासून सेनेगलचे कोरावादक (कोरा हे हार्पच्याच जातीचे आफ्रिकी वाद्य) सेकू केइटा यांच्यासोबतच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका येऊ लागल्या. दरबारी नेमणूक, दुसऱ्या वाद्यासाठी लिहिलेल्या रचनेचे रूपांतर आणि परक्या परंपरेतल्या वादकाशी जोडी ही तिन्ही वळणे सुटी दिसतात, परंतु त्या प्रत्येकामागे या वाद्याचा आश्रयासाठी आणि रचनांसाठी चाललेला जुना शोध आहे. त्या इतिहासाचा एक धागा थेट रत्नागिरीपर्यंत येतो.

हार्पचे कूळ आपल्याला परके नाही. प्राचीन भारतात 'वीणा' म्हणून जे वाद्य वाजत होते, ते आजच्या भोपळ्याच्या आणि पडद्यांच्या वीणेसारखे नव्हते. धनुष्यासारखी वाकलेली मान, तिच्यापासून पोकळ कोठ्यापर्यंत ताणलेल्या तारा आणि प्रत्येक तारेला एकच स्वर, असे ते हार्पच होते. भारहूत आणि सांची येथील शिल्पांत ते दिसते, आणि चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर खुद्द सम्राट ते मांडीवर घेऊन बसलेला आहे. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून देशावर जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरच्या भाजे लेण्यातही एका राजपुरुषासमोर नर्तकी आणि अशीच वीणा वाजवणारी व्यक्ती कोरलेली आहे. पुढे, पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात, हे वाद्य भारताच्या बहुतेक भागांतून लोप पावले. एका तारेवर बोट सरकवून मींड काढता येणारी वाद्ये आपल्या रागसंगीताला अधिक मानवली असावीत, असे मला वाटते.

ब्रह्मदेशात मात्र ते टिकले. तेथील सौंग हे वाद्य म्हणजे या प्राचीन वीणेचे आजही वाजणारे वंशज होय. त्याचा नावेच्या आकाराचा कोठा हरणाच्या कातड्याने मढवलेला असतो, तारा पूर्वी रेशमाच्या असत आणि त्या लाल गोंड्यांच्या दोऱ्यांनी मानेला बांधल्या जात. पूर्वी तेरा असलेल्या तारा आता सोळा झाल्या आहेत. मानेची कमान मात्र सुताराने घडवायची नसते. नैसर्गिकरीत्या वळलेले खैराचे मूळ शोधून तेच मान म्हणून बसवतात. चिपळूण-सावंतवाडीकडे ज्या खैरापासून कात काढला जातो, तेच हे झाड.

सौंग हे ब्रह्मदेशच्या राजांच्या मंडाले येथील दरबाराचे मानाचे वाद्य होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. भाट्ये खाडीवर नजर ठेवून उभा असलेला, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांचा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजा येथेच वारला. राजवाडा पाहायला येणाऱ्यांना एका पदच्युत राजाची करुण कथा सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. परंतु दरबार मोडला म्हणजे केवळ राजा निर्वासित होत नाही, त्या दरबारावर पोसलेले वादकही उघड्यावर येतात, ही बाजू सहसा सांगितली जात नाही. सौंगची विद्या पुढे जिवंत राहिली ती दरबाराबाहेर शिकवणाऱ्या गुरूंमुळे आणि नंतरच्या काळातील संगीतशाळांमुळे. विरोधाभास असा की ज्या वर्षी मंडालेचा दरबार संपला, त्या वर्षी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पदरी स्वतःचा हार्पवादक होता. जॉन थॉमस हे त्याचे नाव. तो वेल्सचा होता आणि १८७२ पासून त्या पदावर होता.

युरोपात हार्पची वाट वेगळ्या अडचणीने अडवली होती. प्रत्येक तारेला एकच स्वर असल्यामुळे वादनाच्या मध्येच पट्टी बदलणे किंवा कोमल-तीव्र स्वर घेणे कठीण जाई. बव्हेरियाच्या याकोप होखब्रुकरने १७२० च्या सुमारास पायाने दाबायच्या दांड्या बसवून तारेचा स्वर अर्ध्याने चढवण्याची सोय केली. दशावतार पाहिलेल्या कोकणी वाचकाला येथे पायपेटी आठवेल, पण दोन्हींत पायाचे काम निराळे आहे. पायपेटीत पाय भात्याला हवा पुरवतो आणि स्वर हातांच्या बोटांवर राहतो. हार्पमध्ये हात तार छेडतो आणि ती तार कोणता स्वर देणार हे पाय ठरवतो. एरार या फ्रेंच कारागिराने लंडनमध्ये १८१० साली या यंत्रणेला दुहेरी रूप देऊन त्याचे पेटंट घेतले, आणि आजचे मैफिलीचे हार्प मूलतः तेच आहे. त्याला ४७ तारा आणि सात पायदांड्या असतात, तीन डाव्या पायाला व चार उजव्या. प्रत्येक दांडीला तीन खाचा असून एका दांडीने त्या नावाचा स्वर सर्व सप्तकांत एकदम उतरतो, मूळ जागी येतो किंवा चढतो. वादक दोन्ही हातांची चार-चार बोटे वापरतो, करंगळी नाही. तारांच्या जंगलात वाट चुकू नये म्हणून षड्जस्थानी धरता येईल अशा 'सी' स्वराच्या तारा लाल आणि 'एफ'च्या काळ्या असतात.

या यंत्राचे वजन चाळीस किलोच्या घरात जाते आणि सर्व तारांचा मिळून ताण सुमारे नऊशे किलोंइतका असतो. मधल्या सप्तकांच्या तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या असतात. तात ओल धरते. आपल्याकडे आषाढात तबल्याची पुडी सैल पडते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना समुद्रकाठच्या दमट हवेत अशा तारांचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. गोव्यात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलिपी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात बँड रुजला, पण कित्येक लाखांचे आणि सतत जुळवावे लागणारे हार्प या किनाऱ्यावर रुजले नाही, याचे कारण बरेचसे येथे आहे.

किंमत युरोपातही आडवी येत होतीच, आणि म्हणून हार्प दीर्घकाळ सरदारांच्या दिवाणखान्यात राहिले. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत ते वाजवत असे, त्यामुळे पॅरिसच्या उमराव घराण्यांतील मुलींना ते शिकवण्याची चढाओढ लागली. मोझार्टने हार्पसाठी जी एकमेव कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची) रचना केली, तीही १७७८ मध्ये पॅरिसच्या एका सरदारासाठी आणि त्याच्या हार्प वाजवणाऱ्या कन्येसाठी होती; त्या घरातून शिकवणीचे पैसे निम्मेच देऊ केले गेल्याची तक्रार मोझार्टच्या पत्रात आहे. मोठ्या रचनाकारांनी हार्पसाठी स्वतंत्र असे फार थोडे लिहिले. देब्यूसीचे १९०४ मधील आणि राव्हेलचे १९०५ मधील हार्पलेखन प्रसिद्ध आहे, पण त्यामागे दोन प्रतिस्पर्धी वाद्यनिर्मात्यांची स्पर्धा होती: एकाने प्लेएल कंपनीच्या नव्या वाद्यासाठी लिहिले, दुसऱ्याने एरारच्या.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रचनाकार बेर्लिओझपासून ऑर्केस्ट्रात हार्पला कायमची जागा मिळाली, ती साथीची. शेकडो मात्रा मोजत बसायचे, नेमक्या क्षणी दोन लाटा उठवायच्या आणि पुन्हा मोजायला लागायचे. साथीला कमी लेखण्याचे कारण नाही. गुहागर तालुक्यातील अडूरच्या गोविंदराव पटवर्धनांनी ऑर्गनची आणि पेटीची साथ किती उंचीवर नेली हे आपण जाणतो. परंतु हार्पच्या बाबतीत या जागेला आणखी एक बाजू होती. ऑर्केस्ट्रा पुरुषांचे असताना स्त्रियांना प्रथम ज्या जागा मिळाल्या, त्यांत हार्पची जागा ठळक होती. फ्रेंच हार्पवादक लिली लास्किन १९०९ मध्ये पॅरिस ऑपेराच्या वाद्यवृंदात दाखल झाल्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आन्ना लेल्केश दोन दशकांहून अधिक काळ हार्प वाजवत होत्या, तरी त्यांना सदस्यत्व मिळाले ते १९९७ मध्ये, आणि त्या वाद्यवृंदाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या. पुढच्याच वर्षी तेथे आलेले फ्रेंच वादक झाव्हिए द मेस्त्र यांनी २०१० मध्ये ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून स्वतंत्र वादनाची वाट धरली. एकल हार्पवादक म्हणून पोट भरता येते, हा विश्वास इतका अलीकडचा आहे.

कॅट्रिन फिंच यांची जडणघडण या टप्प्यावर झाली. वेल्समध्ये हार्प हे राष्ट्रीय वाद्य मानले जाते आणि तारांच्या तीन रांगा असलेले त्यांचे जुने हार्प काही लोकवादकांनी विसाव्या शतकापर्यंत जपले होते. फिंच आधी एलिनॉर बेनेट यांच्याकडे आणि नंतर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये स्कायला कांगा यांच्याकडे शिकल्या. कांगा यांचा जन्म मुंबईचा. इंग्रज पॉप गायक एल्टन जॉन यांच्या १९७० च्या ध्वनिमुद्रिकांतही त्यांनी हार्प वाजवले आहे. लास्किन यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा फिंच यांनी १९९९ मध्ये जिंकली. व्हिक्टोरियाच्या काळानंतर खंडित झालेली दरबारी हार्पवादकाची प्रथा युवराजांनी २००० मध्ये पुन्हा सुरू केली, आणि पहिली निवड त्यांची झाली. मात्र नवे पद जॉन थॉमसच्या पदासारखे आयुष्यभराच्या आधाराचे नव्हते. ते काही वर्षांसाठी एखाद्या तरुण वादकाला दिले जाते. त्याने नाव होते, चरितार्थ स्वतःच शोधावा लागतो.

म्हणून रूपांतरे आली. कळफलकाच्या वाद्यासाठी लिहिलेले गोल्डबर्ग हार्पवर आणायचे तर प्रत्येक स्वरबदलासाठी पायांचा आराखडा आधी बांधावा लागतो. हे काम केवळ हौसेचे नव्हते; ज्या वाद्याला स्वतःच्या अभिजात रचना कमी, त्याच्या वादकाला उसनवारी करणे भाग असते, आणि माझ्या मते फिंच यांची खरी धिटाई या निवडीत आहे.

केइटा यांच्याशी झालेल्या जोडीत आश्रयाची जुनी गोष्ट वेगळ्या रूपात येते. भोपळ्याच्या अर्ध्या कवटीवर कातडे ताणून केलेले कोरा हे पश्चिम आफ्रिकेतील हार्पच्या जातीचे वाद्य. ते राजे आणि सरदार यांची वंशगाथा गाणाऱ्या ग्रियो घराण्यांकडे पिढीजात असते. केइटा हे आडनाव राजवंशाचे. परंपरेनुसार त्यांनी ऐकायचे, वाजवायचे ते सिसोखोंसारख्या ग्रियो घराण्यांनी. सेकू यांची आई सिसोखो, म्हणून कोरा त्यांच्या हाती आले. या जोडीची २०१८ मधील ध्वनिमुद्रिका वेल्स ते पश्चिम आफ्रिका असा प्रवास करणाऱ्या ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्यावर बेतलेली आहे (आपल्या खाड्यांवरही तो हिवाळ्यात येतो), आणि २०१९ मध्ये बीबीसीच्या लोकसंगीत पुरस्कारांत त्यांना सर्वोत्तम जोडीचा मान मिळाला. २०२२ मध्ये त्यांची तिसरी ध्वनिमुद्रिका आली. त्यानंतर फिंच यांनी आयरिश व्हायोलिनवादक ईफा नी व्रिएन यांच्यासोबत काम सुरू केले असून २०२३ मध्ये त्या जोडीची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.