सीट कडक का होते?

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर गेला की उन्हात उभ्या मोटारसायकलवर दुपट्टा टाकल्याशिवाय बसायची सोय नसते. असे दोन-चार उन्हाळे काढले की तीच सीट कडक होते, शिवणीजवळ तडकते आणि पावसाळ्यात आतला फोम पाणी धरून बसतो.

या कव्हरच्या नकली चामड्याला आपण रेक्झिन म्हणतो. ते मूळचं एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचं नाव. त्यात सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर असे, आणि नायट्रोसेल्युलोज कापसावर आम्लांची प्रक्रिया करून मिळतं. म्हणजे अस्तर कापसाचं, वरचा थरही कापसाचाच. वऱ्हाडातल्या माणसाला ऐकून बरं वाटावं!

आता बहुतेक कव्हरांवर पीव्हीसीचा थर असतो. शेतातला पाइपही पीव्हीसीचाच, मग तो ताठ आणि सीट मऊ कशी? सीटच्या पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट द्रव असतो, कधी कधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्याचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्यांची एकमेकींवरची पकड सुटते आणि माल लवचिक होतो. अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी 1926 मध्ये पीव्हीसी असं मऊ करून दाखवलं. पण हा द्रव साखळ्यांना बांधलेला नसतो. उन्हाच्या तापाने तो वर्षानुवर्षं थोडा थोडा निघून जातो आणि मागे उरतो पाइपाचा भाऊबंद. रॉकेलने पुसलेली सीट चकाकते खरी, पण रॉकेल तो द्रव आणखी ओढून काढतं. खोबरेल तेलही नको. साबणाचं पाणी आणि ओलं फडकं पुरे.

पर्स, सोफा, लग्नातले चकचकीत बूट यांवर बरेचदा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन असतं. त्याचं दुखणं वेगळं. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्यांमधले एस्टर नावाचे सांधे तोडतो, म्हणून कपाटात नुसते ठेवलेले बूटही काही पावसाळ्यांनी पापुद्रे टाकू लागतात. पॉलिइथर जातीचं पीयू ओलाव्यात जास्त टिकतं, पण दुकानात ही माहिती सहसा मिळत नाही.

चामड्याची म्हणून वस्तू घेताना कापलेली कड पाहावी. खऱ्या चामड्यात तंतूंचा गुंता दिसतो, नकलेत खाली विणलेलं कापड. काडी लावून पाहायची खोड मात्र वाईट: पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे आणि घसा झोंबतो. जुनं कव्हर चुलीत तर मुळीच घालू नये.