पाऊस आला म्हणून स्टीलहेडची ट्रिप रद्द करू नका

पाऊस लागला की स्टीलहेडची फ्लाय फिशिंग (गळाला पिसं-दोऱ्यांचा नकली किडा, म्हणजे फ्लाय, लावून केलेली मासेमारी) ट्रिप वाया गेली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे आणि त्यापायी लोक नेमके चांगले दिवस घालवतात.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक द्वीपकल्पावर, हिवाळ्यात नद्यांना पाणी चढलं की हे मासे समुद्रातून वर सरकतात. पाऊसच नसेल तर पाणी ओसरून नितळ होतं आणि मासा बुजतो.

त्रास होतो तो चढत्या, गढूळ पाण्याचा. ओंडके वाहत येतात, फ्लाय माशाला दिसतच नाही. पण पाणी उतरू लागलं, हिरवट झालं आणि गुडघाभर पाण्यात बुटांची टोकं दिसू लागली, की गळ टाकायची तीच वेळ!

नदी-नदीत फरक मात्र आहे. सोल डक लवकर निवळते; हिमनद्यांचा गाळ आणणारी होह बराच काळ राखाडी राहते. म्हणून आभाळाबरोबर यूएसजीएसचे (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे) नदीच्या विसर्गाचे आकडेही बघा, ते ऑनलाइन मिळतात (आपल्याकडे धरणाच्या बातम्यांत येतात तेच क्युसेक). आकडा झपाट्याने चढत असेल तर पाण्यात पाय घालू नका.