आवडत्या भागाचा वाद (स्टार ट्रेक, नाशिक)

आवडत्या भागाचा वाद : ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानमालिकांतला सर्वांत चांगला भाग कोणता आणि सर्वांत जवळचे पात्र कोणते, यावर चाहत्यांमध्ये रंगणारी चर्चा. नाशिकमध्ये ती रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर होते, कॉलेज रोडच्या कट्ट्यावर होते आणि घरातल्या घरात दोन पिढ्यांमध्येही होते. सुरुवातीला प्रश्न आवडीनिवडीचा असतो. थोडे खोलात गेले की तो न्याय-अन्यायाचा होतो. हा वाद विझत नाही तो त्यामुळेच.

जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि तीन सीझनमध्ये ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. पुढे आलेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–९४), ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३–९९) आणि ‘व्हॉयेजर’ (१९९५–२००१) या तिन्ही मालिका सात-सात सीझन चालल्या. वादात मुख्यतः या चारांतलेच भाग येतात.

मूळ मालिका दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात दाखवली. तेव्हा बऱ्याच घरांत टीव्ही कृष्णधवल होता. लाल सदऱ्यातला अनोळखी शिपाई ग्रहावर उतरला की तो हमखास मरणार, हा चाहत्यांचा लाडका ठोकताळा त्या पडद्यावर दिसणेच शक्य नव्हते, कारण सगळेच सदरे करडे. त्या प्रेक्षकांनी पात्रे ओळखली ती स्वभावावरून, आणि अंतराळजहाजावरचा तर्कनिष्ठ स्पॉक व भावनाशील डॉक्टर मकॉय यांची तर्क विरुद्ध माया ही जुगलबंदी आजही त्यांच्याच तोंडून ऐकावी. या पिढीचा ठरलेला भाग म्हणजे ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ (१९६७). १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचलेला जहाजाचा कॅप्टन कर्क तिथल्या ईडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. पण ती जगली तर इतिहास बदलून नाझी जिंकणार असतात. भरधाव गाडीसमोरून तिला ओढायला मकॉय धावतो आणि कर्क त्यालाच घट्ट धरून ठेवतो. हार्लन एलिसन यांच्या या कथेला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आवडता कॅप्टन बहुतेकदा आपण कोणती मालिका आधी पाहिली यावर ठरतो, म्हणून ‘कर्क की (‘नेक्स्ट जनरेशन’चा कॅप्टन) पिकार्ड’ हा प्रश्न गाजलेला असला तरी त्यातून फारसे हाती लागत नाही. दुय्यम पात्रांची चर्चा जास्त बोलकी असते. ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती असलेल्या या शहरात स्कॉटी आणि माइल्स ओब्रायन या मालिकांतल्या इंजिनिअरांना मानणारे भेटावेत, हे साहजिकच. ‘रेलिक्स’ (१९९२) या भागात म्हातारा स्कॉटी तरुण इंजिनिअर जॉर्डीला बजावतो, की कामाला खरोखर किती वेळ लागेल हे कॅप्टनला कधी सांगायचे नाही. शॉपफ्लोअरवर आयुष्य काढलेल्या माणसाला यावर वेगळे भाष्य लागत नाही. मूळ मालिकेतले खान हे खलपात्र मात्र भारतीय प्रेक्षकांना कायम खटकते. ‘स्पेस सीड’ (१९६७) मध्ये तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असल्याचे सांगितले जाते आणि भूमिका करतो मेक्सिकोत जन्मलेला रिकार्डो मोंताल्बान. अभिनय जबरदस्त, पण पात्राच्या शीखपणाचा पत्ता कुठेच नाही, ही तक्रार रास्त आहे.

सर्वांत तावातावाने भांडला जाणारा भाग ‘टुव्हिक्स’ (१९९६). माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे पोहोचवणाऱ्या ट्रान्स्पोर्टर या यंत्राच्या अपघातात ‘व्हॉयेजर’ जहाजावरचे टुवॉक आणि नीलिक्स हे दोघे मिसळून एकच नवा माणूस तयार होतो. त्याला दोघांच्याही आठवणी असतात, स्वतःचे मन असते, आणि जगायचेही असते. काही आठवड्यांनी दोघांना वेगळे करण्याची युक्ती सापडते. तो गयावया करतो. जहाजाचा डॉक्टर ‘मी कुणाला इजा करणार नाही’ म्हणून हात मागे घेतो, आणि कॅप्टन जेनवे ते काम स्वतः करते. यावरची भांडणे साधारण अशी चालतात :

“काका, त्याने जीव वाचवा म्हणून हात जोडले आणि तिने त्याला संपवलं. याला खून नाही तर काय म्हणायचं?”

“अगं, टुवॉकची बायको आणि चार मुलं घरी वाट बघतायत. त्यांना काय सांगायचं, तुमचा बाप आता अर्धा आहे?”

“मग डॉक्टरने का नकार दिला?”

इथे काका गप्प होतात. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते भागाची खरी गाठ या नकारातच आहे. दोन जीव विरुद्ध एक, असा हिशेब जेनवेच्या बाजूने सुटतो. पण समोर उभ्या असलेल्या, काही गुन्हा न केलेल्या माणसावर हात टाकायचा हे त्या हिशेबात बसत नाही. लेखकांनी शेवटी कुणालाही बरोबर ठरवले नाही. जेनवे एकटी खोलीबाहेर पडते आणि भाग संपतो. ‘डीप स्पेस नाइन’च्या ‘इन द पेल मूनलाइट’ (१९९८) मध्ये एका तटस्थ सत्तेला युद्धात ओढण्यासाठी कॅप्टन सिस्कोने केलेल्या खोटेपणावरही असेच दोन तट पडतात, फक्त तिथे सिस्को आपली बाजू स्वतःच मांडतो.

‘डारमॉक’ (१९९१) हा भाग नाशिककरांना विशेष जवळचा वाटावा. त्यातले परग्रहवासी सगळे काही आपल्या पुराणकथांच्या आधाराने बोलतात. कथा माहीत नसेल तर शब्द कळूनही अर्थ लागत नाही. भगीरथ प्रयत्न, सुदाम्याचे पोहे, कुंभकर्णाची झोप असे रोज बोलणाऱ्या आणि सीतागुंफा, तपोवन गावातच असणाऱ्या माणसाला हे लोक परके वाटत नाहीत. मरणाऱ्या परग्रही कॅप्टनला पिकार्ड गिल्गामेशची गोष्ट सांगतो, तो प्रसंग मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक आहे.

शास्त्र किती खरे, हा पोटवाद वेगळा. नाशिकच्या २०२१ च्या मराठी साहित्य संमेलनासाठी डॉ. जयंत नारळीकर या खगोलशास्त्रज्ञ विज्ञानकथाकाराची अध्यक्षपदी निवड झाली होती. त्यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला ट्रान्स्पोर्टर पचत नाही, आणि तो तसे स्पष्ट सांगतो.

‘डिस्कव्हरी’ (२०१७) पासून सबंध सीझनची एकच कथा करण्याची पद्धत आली, त्यामुळे त्यातला एखादा सुटा भाग आवडता म्हणून निवडणे अवघड झाले. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ (२०२२) पुन्हा सुट्या कथांकडे वळली. नवख्याला पहिला भाग कोणता दाखवावा यावर मात्र एकमत नाही. ‘नेक्स्ट जनरेशन’ची सुरुवात कच्ची असल्याने अनेक जण थेट दुसऱ्या सीझनमधला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ (१९८९) सुचवतात. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता की स्वतंत्र व्यक्ती, याचा त्यात खटला चालतो, आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडण्याची वेळ त्याच्याच मित्रावर, रायकरवर, येते.