लिमिटर

ध्वनिसंकेताची पातळी ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देणारे उपकरण किंवा संगणकीय प्लगइन. मर्यादेवर गेलेला आवाज ठरावीक प्रमाणात दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे हे टोकाचे रूप होय. कॉम्प्रेसर ४:१ या प्रमाणावर लावला, तर मर्यादेच्या ४ डेसिबल वर गेलेला संकेत १ डेसिबलच वर उरतो. हे प्रमाण १०:१च्या पुढे गेले की त्याला लिमिटर म्हणण्याची प्रथा आहे. डिजिटल ‘ब्रिकवॉल’ लिमिटरमध्ये ते अनंत मानतात : संकेत कितीही उसळला, तरी ‘सीलिंग’ म्हणजे ठरवलेली कमाल पातळी ओलांडत नाही.

लिमिटर मुळात संगीतासाठी जन्मलाच नाही. एएम रेडिओच्या प्रक्षेपकाला झेपेल त्याहून मोठा संकेत मिळाला, की आवाज फाटतो आणि शेजारच्या केंद्रांनाही उपद्रव होतो. त्यावरचा उपाय म्हणून १९३०च्या दशकात तो अमेरिकेतील रेडिओ केंद्रांत आला. पुढे तबकड्या कोरणाऱ्यांनाही त्याची गरज भासली, कारण जोराच्या संकेताने कोरणारी सुई शेजारच्या खाचेत शिरे. राइन नार्मा यांनी रचलेला, वीस व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) अवजड ‘फेअरचाइल्ड ६७०’ याच कामासाठीचा. बिल पुटनम यांच्या ‘११७६’ या लिमिटरने (१९६७) व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आणला आणि प्रतिसादाचा वेळ सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत खाली आणला. तरीही ॲनालॉग यंत्र शिखर येऊन गेल्यावरच धावणार. डिजिटल लिमिटर संकेत काही मिलिसेकंद रोखून धरतो, पुढे काय येते ते आधी पाहतो आणि शिखर पोहोचण्यापूर्वीच पातळी उतरवू लागतो. याला ‘लुकअहेड’ म्हणतात. १९९४मधील ‘वेव्ह्ज एल१’ या प्लगइनमुळे ही पद्धत रुळली.

वापरणाऱ्याची खरी परीक्षा ‘रिलीज’मध्ये असते, म्हणजे दाबलेली पातळी किती वेळात पूर्ववत करायची यात. ५० हर्ट्‌झच्या सुराची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याहून बराच कमी ठेवला, तर लिमिटर प्रत्येक लाटेमागे वर-खाली होतो, लाटेचा आकारच बदलतो आणि बास खरखरतो. उलट रिलीज फार लांबवला, तर ढोलकीच्या एका थापेने दबलेला गायकाचा आवाज पुढच्या मात्रेपर्यंत सावरत नाही. गाणे फुगते आणि ओसरते. ध्वनितंत्रज्ञ त्याला ‘पंपिंग’ म्हणतात. थापेचेही नुकसान होतेच. तबल्याच्या ‘ना’चा कडकपणा त्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो, आणि लिमिटर छाटतो तो नेमका तेवढाच भाग.

हे ठाऊक असूनही लिमिटरचा अतिरेक झाला, तो जोरासाठी. कानाला जोर जाणवतो तो मुख्यतः सरासरी पातळीवरून, क्षणिक शिखरावरून नव्हे. आत येणारा संकेत ६ डेसिबल वाढवून सीलिंग तेच ठेवले, की शिखरे जागच्या जागी राहतात आणि बाकीचे सगळे वर येते. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले मोठे वाजावे, या चढाओढीत सीडीच्या काळात संगीत सपाट होत गेले. मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमवर (२००८) तर आवाज फाटल्याची तक्रार खुद्द चाहत्यांनीच केली.

चढाओढीतली हवा मोजमापाने काढली. जाणवणारा जोर मोजण्याची आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) पद्धत २००६मध्ये आली. २०१०मध्ये युरोपीय प्रसारण संघाने कार्यक्रमांसाठी −२३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या जोराचे एकक) ही पातळी ठरवली. स्पॉटिफाय ही ऑनलाइन संगीतसेवा सर्वसाधारण सेटिंगवर गाणी −१४च्या आसपास आणते. म्हणजे दाबून दाबून −८वर नेलेले गाणे तिथे ६ डेसिबल खाली येते. जोर गेला तो गेलाच, छाटलेल्या थापाही परत येत नाहीत.

सीलिंग शून्यावर, म्हणजे डिजिटल संकेताच्या कमाल पातळीवर, न ठेवता −१ डेसिबलवर ठेवण्याचे कारण वेगळे. डिजिटल नमुने, म्हणजे लाटेच्या ठरावीक क्षणी मोजलेल्या किमती, मर्यादेत असले, तरी त्यांच्या मधून जाणारी प्रत्यक्ष लाट वर डोकावू शकते, आणि एमपी३सारख्या संक्षेपात शिखरे आणखी सरकतात. म्हणून ‘ट्रू पीक’ लिमिटर नमुन्यांच्या अधल्यामधल्या किमतीही काढून पाहतो.

कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेत मात्र लिमिटर आजही राखणदारच आहे. तिथे सहसा दोन लावतात : एक झटपट, अचानकच्या उसळीसाठी, दुसरा संथ, स्पीकरची कॉइल तापून जळू नये म्हणून.